ग्लास क्रमांक तीन

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझे वडील आणि माझे सासरे यांनी एकाच टेबलावर, समोरासमोर बसून, एकाच क्षणी "वा!" असं म्हटलं.

घटना एवढीच. जीवितहानी नाही. पण ज्या माणसाचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत, दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांमधलं पाणी काढण्यात गेला, त्याच्या घरात असं काही घडलं तर त्याची नोंद त्यानेच ठेवायला हवी. बायको म्हणते, "तुमच्या नोंदी ठेवा बाजूला, आधी ती बादली उचला." बादलीचा विषय पुढे येईल.

हे दोघे गृहस्थ एकमेकांशी बोलत नसत. माझ्या लग्नात बाबांनी जपून ठेवलेली व्हिस्की मोठ्या मानाने अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दिली. अण्णांनी ग्लास नाकाशी नेला, मान हलवली आणि तो शेजारच्या कुंडीत रिकामा केला. आठवड्याभरात कुंडीतलं झाड वाळलं. झाड आधीपासूनच आजारी होतं, असं बाबांचं म्हणणं. झाड ठणठणीत होतं, असं अण्णांचं. झाडाची बाजू समजू शकलेली नाही.

दोघांचेही धंदे असे की तडजोडीला वाव नाही. बाबा वजनमापे निरीक्षक होते. बाजारात बाबा शिरले की तराजू आपोआप सरळ उभे राहत. अण्णांचं औषधाचं दुकान होतं आणि बूच न काढता, नुसत्या वासावरून औषध ओळखण्याबद्दल त्यांची ख्याती होती. एकाचा विश्वास मापावर, दुसऱ्याचा नाकावर. असे दोन व्याही एका घरात जमले की मधे कुणीतरी तार म्हणून लागतं. ते काम बोलता येऊ लागल्यापासून माझ्या लेकीकडे आलं.

"अण्णांना सांग, पंखा जरा कमी करा," असं बाबा म्हणायचे.

लेक दोन पावलं चालून जायची. "अण्णा, आजोबा म्हणतात पंखा कमी करा."

"आजोबांना सांग, पंखा माझ्या मुलीच्या घरातला आहे."

पुन्हा दोन पावलं. ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, टपाल चालूच राहिलं. आणि आता तिला नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात. सोमवारी सकाळी ती जाणार होती. आम्ही विचारलं, जायच्या आधी तुला काय हवं? ती म्हणाली, "काही नको. रविवारी त्या दोघांना एका टेबलावर बसवा आणि त्यांना एकमेकांशी एक तरी वाक्य सरळ बोलू दे. मी गेल्यावर यांचं टपाल कोण नेणार? उद्या एकाला बरं वाटेनासं झालं तर दुसऱ्याला कळणार कसं?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पण खिडकीबाहेर काही घडत नव्हतं.

वोडकाची कल्पनाही लेकीचीच. "व्हिस्की आजोबांची, रम अण्णांची. वोडका कुणाचीच नाही. रंग नाही, वास नाही, म्हणजे भांडायला जागा नाही." तरुण पिढीला अनुभव कमी असतो तो असा. माणसांना भांडायला जागा लागत नाही, माणसं लागतात.

तर चांगली वोडका निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी ती गंभीरपणे घेतली. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला एकच नियम शिकवला होता: एकाने सांगितलं ती अफवा, दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं ती बातमी. या नियमावर मी नोकरी केली, आणि संसारही बऱ्यापैकी केला. म्हणून पहिलं सूत्र गाठायला मी दुकानात गेलो.

दुकानदार चष्म्यातला, शांत मनुष्य होता. मी त्याला विचारलं, "चांगली वोडका म्हणजे नेमकी कशी?"

"जिला रंग नाही, वास नाही आणि चव नाही."

"मग लोक पैसे कशाचे देतात?"

"बाटलीचे," असं म्हणून त्याने माझ्यापुढे बाटल्या मांडायला सुरुवात केली. एक अत्तराच्या कुपीसारखी होती. एक इतकी उंच की ती ठेवायची म्हटली तर कपाट बदलावं लागलं असतं. एका बाटलीत निळा दिवा लागत होता. लेबलांवर तीन वेळा डिस्टिल केलेली, पाच वेळा डिस्टिल केलेली, कोळशातून गाळलेली, चांदीतून गाळलेली असे दाखले होते. मला संशय आला. आमच्याकडे बातमी तीन वेळा गाळली की तारीख सोडून काही उरत नाही.

"खरं सांगू?" दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला. दुकानात आम्ही दोघेच होतो. "चव नाही हे गिऱ्हाइकाला सांगायचं. चव असते. गव्हाची थोडी गोडसर लागते, राईची, म्हणजे मोहरीची नव्हे, राय नावाच्या परदेशी धान्याची, जरा तिखट, बटाट्याची जाड, जिभेवर साय आल्यासारखी. चांगली असेल तर घशात शिरताना ऊब देते, ओरबाडत नाही. आणि चव बघायची तर नुसती गार करून बघा, बर्फात नको. बर्फात ठेवली की वाईट वोडकासुद्धा सज्जन वाटते."

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी गव्हाची एक साधी, बिनदिव्याची बाटली घेतली आणि मला माझ्या निवडीबद्दल जिना चढेपर्यंत पूर्ण खात्री होती.

जिन्यात कॅप्टन भेटले. कॅप्टन आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. ते जहाज कंपनीत हिशेब खात्यात होते आणि जहाज त्यांनी धक्क्यावरून पाहिलं आहे, पण पाहिलं मन लावून. त्यामुळे समुद्र, वादळ आणि मद्य या तीन विषयांत त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्यांनी माझ्या हातातली पिशवी नुसती दाबून पाहिली.

"वोडका."

"हो."

"गार करून पिणार?"

"नुसती गार. दुकानदार म्हणाला—"

"दुकानदार!" कॅप्टन खेदाने हसले. "अहो, वोडका गळ्यापर्यंत बर्फात बुडवायची असते. गळ्यापर्यंत! बाटलीला घाम फुटला पाहिजे. आमच्या जहाजांवर..." पुढचं मी ऐकलं, पण नोंदवलं नाही. एवढंच लक्षात आलं की माझ्याकडे दोन सूत्रं झाली होती आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. अशा वेळी आम्ही 'याबाबत मतभेद आहेत' असं छापतो आणि घरी जातो. मी घरीच जात होतो, तेव्हा तो मार्गही संपला.

तोवर घरात आणखी बिघाड झाला होता. लेकीने आनंदाच्या भरात दोन्ही आजोबांना रविवारच्या बेताची बातमी दिली होती. बाबांनी ताबडतोब फोन केला.

"वोडका तू निवडलीस?"

"हो."

"मग मी माझी घेऊन येतो."

अण्णांनी फोन केला नाही. त्यांनी पार्सल पाठवलं. ते स्वतः शनिवारी येणारच होते, पण गाडीच्या हादऱ्यांनी वोडकाची चव बिघडते असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी बाटली पार्सल कचेरीच्या ताब्यात दिली, म्हणजे ती हादऱ्यांपासून सुरक्षित राहील. ती आणायला मला पार्सल कचेरीत जावं लागलं.

खिडकीवरच्या बाईंनी खोका उचलून कानाशी हलवला. आत डुबुक असा आवाज आला.

"यात काय आहे?"

"वर लिहिलंय ना?"

"वर लिहिलंय, 'काचेची वस्तू, भावनिक मूल्य'. भावनिक मूल्य असा आवाज करत नाही."

"सासऱ्यांनी पाठवलंय. मी उघडून पाहिलेलं नाही," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

"नाशवंत आहे का?"

"कुणाच्या हाती पडतं त्यावर आहे."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. द्रवपदार्थ शेजारच्या खिडकीवर, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, द्रव आमच्याकडे, पण काच त्यांच्याकडे. मी परत आलो. बाई म्हणाल्या, काच आमच्याकडे, पण डुबुक त्यांच्याकडे. शेवटी मी पत्रकार असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आत जाऊन वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी खोका नाकाशी नेला आणि विचारलं, "तुमचे सासरे काय करतात?"

"औषधाचं दुकान होतं त्यांचं."

"मग आधी नाही का सांगायचं? औषध आहे!" शिक्का बसला. मी काहीच बोललो नव्हतो. मी फक्त न बोलण्याचं काम नीट केलं होतं.

अशा रीतीने घरात तीन बाटल्या जमल्या. माझी गव्हाची, बाबांची राईची ("मी स्वतः पातळी मोजून घेतली आहे, भरलेली पूर्ण आहे") आणि अण्णांची बटाट्याची ("बूच न काढता सांगतो, शुद्ध आहे"). आता कुणाची उघडायची? बाबांची उघडली असती तर अण्णा कुंडी शोधणार. अण्णांची उघडली असती तर बाबा माप मागणार. माझी उघडली असती तर दोघांचं एकमत झालं असतं, पण ते ज्या मुद्द्यावर झालं असतं तो मला नको होता.

तेव्हा मला तोडगा सुचला आणि तो मला अजूनही उत्तम वाटतो. तिन्ही बाटल्या झाकायच्या. कुणाची कुठली हे कुणालाच कळता कामा नये. नुसते ग्लास, ग्लासांवर क्रमांक, आणि जीभ. जो ग्लास सर्वांना आवडेल तोच पुढे प्यायचा. आजोबांनी भांडायचं तर आकड्याशी भांडावं.

बायको म्हणाली, "बरं आहे. पण झाकणार तुम्हीच ना? मग तुम्हाला कळेल की."

याच्यावर उपाय म्हणून समोरच्या टीचर आल्या. टीचर निवृत्त झाल्या असल्या तरी परीक्षा अजून घेतात, निदान आमच्या जिन्यात. त्या पीत नाहीत, हसत नाहीत आणि कुणाच्या बाजूने नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत परीक्षा मंडळाला शोभेल अशी पद्धत घालून दिली. बाटल्या मी कागदात गुंडाळायच्या आणि स्वयंपाकघरातून बाहेर जायचं. मग टीचर आत जाणार, बाटल्यांची जागा बदलणार आणि कागदावर क्रमांक घालणार. "म्हणजे परीक्षार्थी कोण हे तुम्हाला माहीत, क्रमांक मला माहीत. दोघांनी तोंड बंद ठेवलं की झालं."

मी आमच्याच वर्तमानपत्राचे कागद घेतले. अण्णांच्या बाटलीला पहिलं पान दिलं. सासरे आहेत, मान द्यायला हवा. बाबांच्या बाटलीला खेळाचं पान. माझ्या बाटलीला आतलं, हवामानाचं आणि किरकोळ बातम्यांचं, जे मी स्वतः लावलं होतं. आकडे लिहायला टीचरांच्या हाती मी माझं तांबड्या शाईचं पेन दिलं. बायको म्हणाली, "मार्कर घ्या की." मी म्हणालो, या पेनाने मी मंत्र्यांची भाषणं कापली आहेत, एक आकडा लिहायला काय झालं. हे वाक्य तिने तेव्हापासून मला बऱ्याचदा म्हणून दाखवलं आहे.

रविवारी जेवणं लवकर उरकली. बायकोने सकाळीच बैठकीतल्या सगळ्या कुंड्या उचलून बाल्कनीत नेल्या होत्या आणि दाराला कडी घातली होती. टेबलावर काकडीच्या चकत्या, उकडलेले बटाटे, पाव आणि लोणी मांडलं होतं. बाबा एका बाजूला बसले, अण्णा दुसऱ्या बाजूला, मधे लेक. कॅप्टनना बोलावलं नव्हतं, पण ते आले होते.

"अण्णांना सांग," बाबा म्हणाले, "तिन्ही ग्लासांत सारखंच माप पडलं पाहिजे. मी माझं मापटं आणलंय."

"आजोबांना सांग," अण्णा म्हणाले, "मापट्याला धातूचा वास असतो. मी दुकानातला औषधाचा काचेचा पेला आणलाय."

"त्यांना सांग, तो पेला मी तपासलेला नाही."

"त्यांना सांग, तपासा म्हणावं."

लेक दोन्हीकडे बघून थकली. टीचरांनी अण्णांच्या हातातला पेला घेतला आणि म्हणाल्या, "बोलणं बंद. बोलायचं असेल त्याने बाहेर जावं." दोघेही गप्प झाले. एकजण खात्यातून निवृत्त, एक दुकानातून, पण शाळेतून माणूस निवृत्त होत नाही.

टीचर आत गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या. प्रत्येकापुढे तीन छोटे ग्लास. एक, दोन, तीन. वोडका नुसती गार होती, दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे. कॅप्टनांनी माझ्याकडे पाहून डोळे मिटले, जणू माझं जहाज बुडताना त्यांना दिसत होतं.

पहिला ग्लास. अण्णांनी वास घेतला, बाबांनी उजेडात धरून पातळी पाहिली, मग दोघांनी घोट घेतला. अण्णा म्हणाले, "ठीक." बाबा म्हणाले, "असेल." दुसरा ग्लास. बाबा म्हणाले, "हं." अण्णांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला.

मग तिसरा.

मी तोही चाखला, तेव्हा ऐकीव माहिती देत नाही. जिभेवर आधी गार, मग थोडी गोडी, धान्याची म्हणता येईल अशी, भरलेल्या कोठारात शिरताना येते तशी. मग कुठेही न ओरबाडता ती खाली गेली आणि ती गेल्यावर छातीत एक लहानसा दिवा लागल्यासारखं झालं. निळा नव्हे. मी काकडीची चकती घेतली. काकडीसुद्धा जास्त काकडी लागली.

आणि समोर बाबा आणि अण्णा एकाच वेळी म्हणाले, "वा!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच थांबली. लेकीने दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू टेबल उडून जाणार होतं.

बाबांनी मान वर केली. ते लेकीकडे बघणार होते, त्यांचा चेहरा सवयीने अर्धा वळलाही होता. पण मग तो परत फिरला.

"तुम्हालाही?" बाबा म्हणाले.

अण्णांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "मलाही," ते म्हणाले. "मऊ आहे."

"मऊ आहे," बाबा म्हणाले. "आणि माप चोख आहे."

लेक रडायला लागली. तिला विचारलं तर म्हणाली काकडी तिखट आहे.

इथे ही हकीकत संपली असती तर आम्ही सगळे सज्जन ठरलो असतो. पण अण्णांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मी म्हटलं होतंच. माझी बाटली आहे."

"तुमची?" बाबा म्हणाले. "अहो, ही राईची आहे. जिभेच्या टोकाला कळते. माझी आहे."

"व्याही, जीभ तुमची असेल, नाक माझं आहे."

"नाक व्हिस्कीलाही होतंच की तुमचं!"

"आणि ते बरोबर होतं! झाड गेलं की नाही?"

"झाड आजारी होतं!"

लेक रडताना हसायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे भांडण तिच्या मार्फत न होता होत होतं. टीचरांनी टेबलावर टकटक केली. "निकाल जाहीर करायचा का? तीन नंबरची बाटली आणा म्हणजे कळेल."

मी मोठ्या डौलात उठलो. तीस वर्षं मथळे दिल्यावर एखादा मथळा हातात घेऊन बाहेर यायची संधी मिळाली होती. स्वयंपाकघरात गेलो. फ्रिज उघडला. रिकामा.

ओट्याखाली बादली होती. बादलीत बर्फ होता, पाणी होतं, आणि पाण्यातून तीन बाटल्या गळ्यापर्यंत, अगदी गळ्यापर्यंत बुडून माना वर काढून उभ्या होत्या. उघड्या. त्यांच्याभोवती माझ्या वर्तमानपत्राचा लगदा तरंगत होता. पहिलं पान, खेळाचं पान आणि हवामान एकजीव झाले होते. पाणी गुलाबी होतं. मंत्र्यांची भाषणं कापणारी शाई.

माझ्या मागे कॅप्टन उभे होते. "आत्ता बघा," ते प्रेमाने म्हणाले. "चव घेऊन झाली होती ना? म्हटलं, आता खरी मजा येऊ दे. घाम फुटलाय बघा."

घाम फुटला होता. बाटल्यांना आणि मला.

मी बाहेर आलो. मजकूर थोडक्यात सांगितला. पहिला आला आहे, पण कोण आला ते सांगता येत नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट बातमी नाही.

सगळे टीचरांकडे वळले. "टीचर, तीन नंबर कशावर घातला होता?"

टीचर ताठ बसल्या होत्या. "कागदावर. आत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, आणि कागदही पाहिला नाही. पर्यवेक्षकाने उत्तरपत्रिका वाचायची नसते."

"मग पुन्हा चाखू," अण्णा म्हणाले.

"आत्ताच," बाबा म्हणाले.

पुन्हा चाखलं. पण आता वोडका बर्फगार झाली होती आणि दुकानदार खोटं बोलला नव्हता: तिन्ही बाटल्या सारख्याच सज्जन वाटत होत्या. बाबांना प्रत्येक बाटली तीन नंबरची वाटली. अण्णांना एकही नाही. त्यावर वाद झाला. मग बटाटे संपले म्हणून आणखी उकडले. मग अण्णांनी सांगितलं की बटाट्याची वोडका बटाट्याबरोबर प्यायली की तिला घरी आल्यासारखं वाटतं, आणि बाबा चक्क हसले. मग बाबांनी औषधाचा पेला हातात घेऊन खिडकीशी नेला, डोळा मिटून पाहिला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे. तुमच्या दुकानाची कधी तपासणी आली नव्हती का?" अण्णा म्हणाले, "आली होती. काही सापडलं नाही म्हणून चिडून गेले." मग दोघेही काही वेळ त्या निरीक्षकाला नावं ठेवत होते.

संध्याकाळी बायकोने बाल्कनीचं दार उघडलं आणि एक कुंडी आत आणून ठेवली, बरोबर अण्णांच्या शेजारी. हे तिचं धाडस होतं. अण्णांच्या हातात अर्धा भरलेला ग्लास होता. त्यांनी कुंडीकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग अण्णांनी तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन पालथा केला आणि म्हणाले, "झाड सुखरूप आहे, व्याही. नोंद घ्या."

सोमवारी सकाळी लेक गेली. निरोप देताना तिने दोन्ही आजोबांना विचारलं, "काही निरोप आहे का एकमेकांना?" दोघांनी हात झटकले. ते तिच्या सामानापाशीच राईच्या वोडकाला मागून तिखटपणा असतो की नाही यावर बोलत होते.

त्यानंतरची माहिती अशी. अण्णा आपल्या गावी परतले. बाबा रोज त्यांना फोन करतात. फोनवर "तब्येत कशी आहे?" असं कधीच विचारलं जात नाही. "अजून मान्य नाही का?" असं विचारलं जातं, आणि आवाजावरून जे कळायचं ते दोघांनाही कळतं. एकदा अण्णांचा आवाज बसला होता तर बाबांनी मला फोन करून सांगितलं, "सासऱ्यांना डॉक्टरकडे ने. नाक चोंदलंय त्यांचं. अशा नाकावर निकाल लावता येणार नाही." येत्या रविवारी फेरपरीक्षा आहे, अण्णांच्या घरी. टीचर जाणार आहेत. मार्कर बायकोने घेऊन ठेवला आहे. कॅप्टनना कळू द्यायचं नाही असं ठरलं आहे. ते तयारीला लागले आहेत.

आता शेवटची गोष्ट. काल जिन्यात टीचरांनी मला थांबवलं. वर-खाली पाहिलं. मग ज्या बाईंनी जन्मभर मुलांना माना खाली घालायला लावल्या, त्या मान खाली घालून म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचंय. तीन नंबर घालताना माझी नजर कागदावर गेली. बातमी वाचली मी. सवय हो, छापलेलं दिसलं की वाचते." आणि त्यांनी मला ती बातमी सांगितली. मथळ्यासकट.

ती कुठल्या पानावरची, हे मला लगेच कळलं. ते पान मी कुठल्या बाटलीला गुंडाळलं होतं, हेही मला माहीत आहे.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "तीन नंबरची बाटली कुठली ते मला समजलंय."

ती बटाटे सोलत होती. "कुणी सांगितलं?"

"टीचरांनी."

"आणखी कुणी?"

"नाही. पण तू दारातच उभी होतीस. बादलीत घालायच्या आधी तू कागद पाहिले असशील."

तिने सुरी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बटाटा सोलायला लागली. "मी? मी काही पाहिलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते. विचारत होते, टीचरांना काही आठवलं का?

सूत्र एकच आहे, आणि आमच्याकडे एका सूत्रावर बातमी जात नाही. मी म्हणालो, "अजून पुष्टी नाही, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. "मग मी व्याह्यांना फोन लावतो."